एक कृती, एक मत

मेरिगल
१५ डिसेंबर

ग्लेनिस,

नावाआधी काय लिहायचं ते ठरेना, म्हणून नुसतंच नाव लिहिलंय.

तुझा पत्ता पोस्टातल्या लिओनीने दिला. मी मागितला नव्हता. तिकिटं घ्यायला गेले, तर तिनेच चिठ्ठीवर लिहून काउंटरवरून पुढे सरकवला. "डेव्हनपोर्टला आहे मुलीकडे. नाताळचं कार्ड पाठवणार असशील तर वीस तारखेच्या आत टाक, समुद्र ओलांडून जायचंय."

"मला कुणालाच कार्ड पाठवायचं नाही," मी म्हटलं.

"मग चिठ्ठी फाडून टाक," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आज पहाटे पाचला ओव्हन पेटवला. सातच्या आत आटपावंच लागतं, नाहीतर घराची भट्टी होते. ऐन उन्हाळ्यातला नाताळ, काल चव्वेचाळीस अंश होतं. गहू बहुतेक निघाला, धान्याच्या सायलोपुढे ट्रक उभे असतात आणि सगळ्या गावाच्या दातांखाली कचकच येते. तर अशात मी फ्रूटकेक केला. एकच. दरवर्षी चार होतात हे तुला माहीत आहे: एक आमचा, एक तुझा, एक हॉलच्या सोडतीला आणि एक वृद्धाश्रमाला. आईची कृतीच चार केकांची, दहा अंड्यांची. चाराने भागलं तर अडीच अंडी येतात. अर्धं अंडं माणसाने कसं घालावं? तीन घातली. वर फुगून मधे चिरला. चिरेना का, बघायला कोण येतंय.

बेकिंगचं इतकं सांगून झालं, आता मताकडे वळते. बावीस वर्षांची सवय आहे. गावाच्या मासिक पत्रकात डाव्या बाजूला माझी कृती, उजव्या बाजूला माझं मत. घरी नेव्ह म्हणायचा, "बायका कृती कापून ठेवतात आणि पुरुष तुझ्या मतात मासे गुंडाळतात." मोकाट कुत्री, पोहण्याच्या तलावाच्या वेळा, दुकानातले स्कोन विकत आणून स्वतःचे म्हणून वाढणाऱ्या बायका, सगळ्यांवर लिहिलं. डिसेंबरच्या अंकात वर्षाचा आढावा असायचा. यंदा नाही. केव्हिनने एप्रिलमध्ये मला फोन करून सांगितलं, "कोरल, थोडे दिवस विश्रांती घे." ती विश्रांती अजून चालू आहे. संपादक झाल्यापासून त्याने घेतलेला हा एकच निर्णय.

तर वर्षाचा आढावा तुला पाठवते. वर्ष शांत गेलं. फोन वाजत नाही. रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी ऐसपैस बसते.

सतरा एप्रिलची हॉलमधली सभा मला रोज दिसते. सत्तरएक माणसं, पुढे टेबलाशी वृद्धाश्रमाची मॅनेजर डेनीझ प्रायर, हातात माझा मार्चचा लेख. मी लिहिलं होतं की आपल्या वृद्धाश्रमात अडतीस माणसांमागे दोन मदतनीस आहेत, उन्हाळ्यात पाण्याचे भरलेले ग्लास जसेच्या तसे स्वयंपाकघरात परत जातात, आणि तक्त्यावर मात्र 'प्यायले' असं लिहिलं जातं. तुझं नाव मी कुठेही घेतलं नव्हतं. प्रायर म्हणाली, "स्वयंपाकघरात दिवसा कोण असतं ते सगळ्यांना माहीत आहे. आपण तिलाच विचारू." तू उठलीस. तो निळा कार्डिगन होता अंगात, मी विणलेला.

"मी असं काही पाहिलेलं नाही," तू म्हणालीस.

इथवर मी सहन केलं असतं. माणूस घाबरतं. पण कुणी न विचारता तू पुढे बोललीस. "नेव्ह आजारी पडल्यापासून कोरलची झोप उडालीय. डोक्यावर फार ताण आहे तिच्या. आपण तिला सांभाळून घेतलं पाहिजे."

सांभाळून घेतलं पाहिजे. त्या एका वाक्याने सत्तर माणसांनी माझ्याकडे वळून इतक्या मायेने पाहिलं की मला खुर्चीत बसवेना. खोटारडी म्हटली असतीस तर भांडता आलं असतं. वेड्या बाईला भांडता येत नाही, ती जितकं भांडेल तितकं लोकांचं खरं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी तू मागच्या दाराने आली होतीस, चहा न घेता गेलीस. तेव्हाच ठरवलं होतंस का?

कोरल

*

२२ डिसेंबर

ग्लेनिस,

पहिलं पत्र टाकून आल्यावर वाटलं होतं, झालं, मोकळी झाले. नाही झाले.

काल शॉर्टब्रेड केले, लोण्याची बिस्किटं. लोणी बाहेर ठेवलं तर दहा मिनिटांत तेल होतं, म्हणून कणीक थापायचा पोळपाट आधी फ्रीजमध्ये ठेवला. चाळीस निघाले. माझं यंदाचं मत असं की एकट्या माणसाने चाळीसची कृती करू नये आणि वीसचीही करू नये, कारण वीस केले की आपण एकटे आहोत हे पिठालाही कळतं. शेवटी अर्धे डब्यात भरून शेजारच्या ट्रेव्हरकडे नेले. त्याने दार उघडलं, डबा घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "बरी आहेस ना आता?"

आता. आठ महिने झाले, लोक अजून मला 'आता' विचारतात. ही तुझी देणगी.

सभेनंतर काय झालं ते तुला सगळं माहीत नसेल, कारण मे संपायच्या आत तू गाव सोडलंस. सभेच्या दुसऱ्याच दिवशी प्रायरने मला पत्र पाठवलं. नेव्हला भेटायची वेळ सकाळी दहा ते बारा, तेवढीच. कारण दिलं, माझ्या येण्याने इतरांच्या मनाची शांती ढळते. माझे डबे दारातच परत. "बाहेरचं खाणं आता नियमात बसत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. बिचारी माझ्याच लॅमिंग्टन केकांवर वाढलेली, मान खाली घालून बोलत होती. एकोणीस वर्षं दर बुधवारी मी तिथे डबे नेले, तेव्हा नियमात बसत होतं.

नेव्हचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला. पाणी घट्टसर करून, चमच्याने, हनुवटी जराशी खाली धरून पाजावं लागायचं, नाहीतर ठसका. एक ग्लास संपायला वीस मिनिटं. मी दहाला पोचायचे आणि बारापर्यंत तीन ग्लास पाजायचे. बाराला मला बाहेर काढायचे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत बावीस तास. घरी बसून मी ते बावीस तास मोजायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीवरचं छप्पर दिसतं. कुठे जाणार होते?

जूनमध्ये त्याचे ओठ फुटायला लागले. थंडीने फुटतात, असं प्रायर म्हणाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ताप आला, मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. तिथल्या डॉक्टरने मूत्रपिंडाचं सांगितलं आणि विचारलं, "हे पाणी पीत नव्हते का?" मी म्हटलं, "पीत होते. तक्त्यावर तसंच लिहिलंय." वीस जुलैला सकाळी सव्वासहाला तो गेला.

गेल्या पन्नास वर्षांची तू माझी मैत्रीण. माझ्या लग्नात माझा झगा तू शिवलास. नेव्हच्या मातीला तू आली नाहीस. कार्ड पाठवलंस. वर लिली, आत छापील चार ओळी, खाली तुझं नाव. एक शब्द स्वतःचा नाही. मी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं, म्हटलं मागे काही लिहिलं असेल. किंमत होती.

लिओनी परवा म्हणाली, "माणसाची काही अडचण असते, कोरल." मी म्हटलं, "अडचण माझ्या नवऱ्याला होती. तहान लागायची त्याला."

कोरल

*

३१ डिसेंबर

ग्लेनिस,

नाताळ झाला. एकटीने कोल्ड हॅम खाल्लं, पंखा लावून. पुडिंग केलं नाही. दुपारी घराबाहेर पडले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, फक्त गाला पोपटांचा थवा सायलोखालचे सांडलेले दाणे टिपत होता. वर्ष शांत गेलं म्हणाले ना, शेवटही तसाच.

आज काही भाजलं नाही. आज जे लिहायचंय ते हात रिकामे ठेवून लिहायला हवं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझं नाव मी कुठेही घेतलं नव्हतं. लेखात घेतलं नव्हतं, ते खरं. पण जानेवारीत माझ्या ओट्याशी उभी राहून तू ते सगळं सांगितलंस, तेव्हा शेवटी काय म्हणालीस ते मी लिहायचं टाळलं. स्कोनचं पीठ हाताला लागलेलं होतं तुझ्या. म्हणालीस, "हे तुझ्या पोटात ठेव. मला शब्द दे." मी दिला. सहा आठवडे पाळला. मग एका दिवशी संध्याकाळी गेले तर नेव्हच्या टेबलावर सकाळचाच ग्लास, वर माशी. घरी आले आणि एका बैठकीत लेख लिहिला. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस.

दुसरं. अंक निघाल्यावर प्रायर माझ्या दारात आली होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिने विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी नाव घेतलं नाही. म्हटलं, "ज्या हातांनी ते ग्लास धुतले, त्या हातांना विचारा."

दिवसपाळीला भांडी धुणारी एकटी तू होतीस. मला ते माहीत होतं. पण खरं सांगू का, ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला आवडलं होतं. लेखातलं वाटलं. प्रायरचा चेहरा पडला आणि मी मनात म्हटलं, बरी जिरवली. तुझं काय होईल हा विचार ती फाटकाबाहेर गेल्यावर आला, आणि तोही फार वेळ थांबला नाही.

आणि तिसरं. सभेच्या आदल्या दिवशी तू चहा न घेता गेलीस, कारण मी चहा विचारलाच नव्हता. तू दारातच म्हणालीस, "प्रायर म्हणते, आईला मिल्ड्युराच्या वृद्धाश्रमात हलवावं लागेल. दोनशे किलोमीटर. कोरल, ती चौऱ्याण्णव वर्षांची आहे, तिला आता फक्त माझा आवाज ओळखू येतो." नऊ नंबरच्या खोलीतली एल्सी, तुझी आई. माझ्या दोन्ही पत्रांत तिचं नाव नाही, बघ. मी मुद्दाम नाही घातलं. घातलं असतं तर माझी बाजू पातळ झाली असती.

मी तुला काय म्हटलं ते तू विसरली नसशील. "तुझी आई आहे तशी तिथे सगळ्यांची कुणी ना कुणी आहेत. उद्या उभी राहा आणि खरं बोल." आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागले. मग जाळीचं दार वाजलं.

एल्सी मेमध्ये गेली, आपल्याच खोलीत, तुझा आवाज ऐकत, असं म्हणतात. मीही तिच्या मातीला आले नव्हते. कार्डसुद्धा पाठवलं नाही.

हे सगळं लिहून राग कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही. आई वाचवायला तू खोटं बोललीस, हे मी समजू शकते. पण 'मी काही पाहिलं नाही' एवढ्यावर तुझी आई वाचत होती. मला वेडी ठरवायची गरज नव्हती. ते वरचं तू कुणासाठी बोललीस, ग्लेनिस? मी तुला दिलेला शब्द मोडला म्हणून? तसं असेल तर तसं लिही. तेवढं तरी खरं लिही.

कोरल

*

११ जानेवारी

ग्लेनिस,

आधीची तिन्ही पत्रं तुला मिळाली असणार. आज सकाळी मी लिओनीला विचारलं, टाकलेलं पत्र परत मागता येतं का. ती म्हणाली, "एकतीस तारखेचं? ते केव्हाच पोचलं. का गं?" मी दोन तिकिटं मागितली.

काल सरकारी तपासणीवाली बाई घरी आली होती. चाळिशीची, धुळीने माखलेली गाडी, हातात जाड फाइल. वृद्धाश्रमाची चौकशी सुरू झालीय, म्हणाली. मी तिला पंख्याखाली बसवलं, थंड चहा दिला, डब्यातले उरलेले शॉर्टब्रेड पुढे केले. तिने एक खाल्ला, मग दुसरा घेतला आणि म्हणाली, "मिसेस हॅलॅम, तुमच्या मार्चच्या लेखातलं सगळं आम्हाला दुसऱ्या एका व्यक्तीने लिहून कळवलंय. तारखांसकट. ऑगस्टमध्येच."

"कुणी?"

"नाव मला सांगता येणार नाही. पण तुमच्या पतींबद्दलचा भाग तुम्हाला दाखवायला हवा, तो बरोबर आहे का ते तुम्हीच सांगू शकता."

तिने एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं. झेरॉक्स होती. नाव झाकलेलं. नाव झाकून काय होतंय, अक्षर तुझं. उजवीकडे झुकलेलं, धावत सुटल्यासारखं.

पहिल्या ओळी मी उभ्याने वाचल्या. 'जानेवारीत मी हे माझ्या मैत्रिणीला सांगितलं. एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर मी ते नाकारलं आणि तिच्या मनावर परिणाम झालाय असं भासवलं. मॅनेजरने मला तसं बोलायला सांगितलं होतं, आणि मी तिच्यावर रागावलेलेही होते. ती खरं बोलत होती.'

मग मी बसले.

पुढे तू लिहिलंयस की माझी वेळ बारापर्यंत केल्यावर, पाळी संपवून रोज साडेतीन ते चार तू नेव्हच्या खोलीत बसायचीस आणि त्याला पाणी पाजायचीस. अठरा एप्रिलपासून सत्तावीस मेपर्यंत. एकही दिवस चुकवला नाहीस, एल्सी गेली त्या दिवशीही नाही. 'मी गेल्यावर दुपारचं पाणी त्यांना कोण देणार, हे मी जाताना दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही.'

ती बाई म्हणाली, "हे बरोबर आहे का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? मला तर बारा वाजता बाहेर काढायचे."

मग तिने तारखा विचारल्या आणि मी सांगितल्या. मे संपेपर्यंत त्याचे ओठ ठीक होते. जूनमध्ये फुटले. मी इतके महिने तो हिशोब लावत होते की जूनमध्येच का. थंडी तर मेमध्येही होती.

ती गेली. मग मी उठून तिची बशी धुतली. तुला सांगते, मला आनंद झाला नाही. आधी राग आला, पुन्हा नव्याने. महिनाभर माझ्या नवऱ्याला तू पाणी पाजत होतीस आणि दोन गल्ल्यांवर राहून मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी बावीस तास मोजत होते, ग्लेनिस. साडेतीनला कुणीतरी त्याच्याजवळ आहे एवढं कळलं असतं तर मी झोपले असते. आणि जाताना तू प्रायरला दोनदा विचारलंस. मला एकदा सांगितलं असतंस तर मी त्या दाराशी ठाण मांडलं असतं, पोलीस बोलवेपर्यंत. ऑगस्टमध्ये लिहिलंस ते चांगलं केलंस. तोवर तो गेलेला होता. हे मी कधी विसरेन असं वाटत नाही, आणि विसरले असं तुला खोटं लिहिणार नाही.

केव्हिनचा आज फोन आला होता. बातमी गावात फिरलीय. "फेब्रुवारीपासून पुन्हा लिहिशील का?" म्हणाला. मी म्हटलं, कृती देईन. मताचं बघू.

मागच्या तीन पत्रांतलं मी काही परत घेत नाही. तूही घेऊ नकोस. पण त्या पानात एक गोष्ट नाही, आणि ती तपासणीवाल्यांच्या कामाची नाही, माझ्या कामाची आहे. अर्धांगवायूनंतर नेव्हकडे जेमतेम दहा-बारा शब्द उरले होते. 'हो', 'नको', 'बाई', 'फाटक', शिव्या दोन. सकाळी माझ्याजवळ तो फारसं बोलायचाच नाही, नुसता प्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, आता बोलणं संपलं. दुपारी तो जागा असायचा का? तुझ्याशी बोलायचा? तुला शिव्या दिल्या का त्याने, हॉलमधलं त्याला कुणी सांगितलं होतं का? त्याची खुर्ची खिडकीकडे करायचीस की भिंतीकडे?

रोजचा तो अर्धा तास माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे, चाळीस दिवसांचा. माफी वगैरे काही लिहू नकोस, त्याचं नंतर बघू. तेवढं लिहून पाठव. सगळं लिही, काही गाळू नकोस.

कोरल